मॅग्नेट येईना, लाइन चालेना : केंद्रीय अवजड उद्योग मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशिनं), अकरा कामगार. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचं अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आम्ही मशिनिंग करून देतो. २०२५च्या जुलैत एका सोमवारी महिन्याचं शेड्यूल आलं आणि आमच्या पार्टपुढं शून्य होतं. माल रिजेक्ट झाला नव्हता, स्कूटरची मागणीही होती. पण रोटरमधले, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातले, मॅग्नेट चीनहून येईनात, म्हणून मोटर होईना, आणि मोटर नाही तर हाउसिंग कुणाला हवं?

तो मॅग्नेट मी हातात घेऊन पाहिलाय. बोटाच्या पेराएवढा चपटा तुकडा, वर निकेलचा मुलामा. लोखंडाला चिकटला की उचलून निघत नाही, बाजूला सरकवूनच काढावा लागतो. मोटर तापली की साध्या मॅग्नेटची ताकद कमी होते. तसं होऊ नये म्हणून त्यात डिस्प्रोशिअम, टर्बिअम हे दुर्मिळ धातू चिमूटभर घालतात. नेमक्या याच धातूंच्या निर्यातीवर चीननं ४ एप्रिल २०२५ला परवान्याची अट घातली. त्या चिमटीसाठी पुण्यातल्या लाइनी मंदावल्या. माझ्याकडचे तीन ऑपरेटर गावी गेले, त्यातले दोघंच परत आले.

साहेब, देशी कंपन्या परदेशी कंपन्यांपुढं का धापा टाकतात, यावर बोलताना सगळे आयात शुल्कावर येतात. माझं म्हणणं वेगळं आहे. गाडीचं काळीज ज्याच्या हातात, गाडी त्याची. चीनची बीवायडी १९९५मध्ये बॅटरी बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली आणि मोटारींकडे वळली २००३मध्ये. बॅटरीचे सेल, मोटर, मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधल्या चिप्स, बरंचसं ती स्वतः बनवते. आपण बॉडी, चॅसिस, हाउसिंग उत्तम करतो आणि सेल, मॅग्नेटसाठी तिकडच्या बोटीची वाट बघतो.

हे आजचं नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर मोटार कंपनीनं फियाटच्या ड्रॉइंगवर पिढी काढली. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, मग इंजिन बदलायची घाई कुणाला असणार? १९८३मध्ये सुझुकीच्या तंत्रज्ञानावरची मारुती ८०० आली आणि प्रीमिअरची पद्मिनी एकदम म्हातारी दिसू लागली. आमच्या पुण्याच्या कायनेटिकनं १९८४मध्ये होंडाशी हात मिळवला. बटनस्टार्ट, गिअर नाही, घराघरांत स्कूटर. १९९८मध्ये होंडा बाजूला झाली, पुढं स्वतःच्या नावानं अ‍ॅक्टिव्हा घेऊन आली. पुढचं आपण जाणताच.

याउलट टाटांनी १९९८मध्ये इंडिका आणली, तेव्हा तक्रारींनी सर्व्हिस सेंटरं भरली होती. पण ड्रॉइंग आपलं होतं, म्हणून दोष आपल्यालाच शोधता आले आणि २००१ला सुधारलेली व्ही-टू रस्त्यावर आली. महिंद्रानं २००२मध्ये स्कॉर्पिओ स्वतः घडवली. या दोन गाड्यांनी आमच्यासारख्या व्हेंडरना जेवढं शिकवलं, तेवढं शुल्काच्या भिंतीनं कधी शिकवलं नाही. आता ती भिंतही खाली येतेय. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये झालेल्या करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं शुल्क टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर येणार आहे. त्याला माझा विरोध नाही. तयारीला लागायला मात्र उशीर नको.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्रानं ७,२८० कोटींची मॅग्नेट योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन क्षमतेसाठी. मनापासून आनंद झाला. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, जिच्यातून हे धातू निघतात, आणि आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५०पासून त्यात आहे. वाळूपासून ऑक्साइड, ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मॅग्नेट ही साखळी मात्र आपण अर्धवट सोडली. ती पुरी करताना एक बघा. पहिल्या लॉटचे मॅग्नेट चिनी मालापेक्षा महाग पडतील, दर्जात थोडे कमी-जास्तही निघतील. मोठी कंपनी एका रिजेक्शनवर पाठ फिरवेल आणि पुन्हा आयातीकडे वळेल. सुरुवातीची काही वर्षं देशी मॅग्नेट विकत घेण्याचं बंधन किंवा प्रोत्साहन खरेदीदारालाही हवं. आणि मॅग्नेटशिवाय चालणाऱ्या मोटरवर काम करणाऱ्या छोट्या युनिटांना चाचणीची सोय परवडेल अशा दरात द्या. एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था पुण्यातच आहे, पण तिथली चाचणी अकरा माणसांच्या वर्कशॉपला झेपत नाही.

दुसरं, पैशाचं. ४५ दिवसांत बिल देण्याचा कायदा २००६चा आहे. माझी बिलं तीन-चार महिन्यांनी निघतात. तक्रार केली तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. नवीन फिक्श्चर (मशिनवर पार्ट धरायचा साचा), नवीन टूल, एखादा शिकाऊ इंजिनिअर, सगळं या अडकलेल्या पैशातून व्हायचं असतं. तुमच्या योजनेचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कंपनीनं व्हेंडरची देणी किती दिवसांत दिली, हे तिच्या प्रोत्साहनाच्या अर्जासोबत मागा. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

पुण्यात याल तेव्हा भोसरीत या. चहा मशिनपाशीच होतो, उभ्या उभ्या. तो मॅग्नेट मी टेबलावर ठेवलाय, आपण स्वतः सरकवून बघा.

आपला विश्वासू,
भोसरीतला एक लघुउद्योजक