ताईला ‘विसर’ म्हणू नको

बाळा,

परवा फोनवर तू ताईला म्हणालास ना, झालं ते झालं, आता विसर आणि मूव्ह ऑन कर, तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला आणि परड्यात गेली ती तासभर आत आलीच नाही. तुला वाटलं असेल चिडली. चिडली नव्हती रे, शेंगा फोडत बसली होती, चार किलो फोडल्या, एवढ्या आपल्याला लागतात कुठं? ती घरभर वावरत असते म्हणून फोनवर बोलता येत नाही, टाईप करून पाठवतेय.

तुझ्यावर राग नाही, कारण हेच मी तुझ्याआधी बोललेय. नोव्हेंबरात नवऱ्याचं घर सोडून खानापूर स्टँडवर ती एका बॅगेनिशी उतरली तेव्हा मी काय विचारलं तर, अगं मग आधीच का नाही आलीस? आजही आठवलं की पोटात तुटतं.

मग आम्ही धारवाडला डिमहान्सला, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो, अळणावरमार्गे ट्रेननं. ताईला कन्नड येतं, पण बाजारातलं कन्नड वेगळं आणि हे सांगायचं कन्नड वेगळं, दोन वाक्यांत अडकली आणि रडायला लागली. तिथल्या मॅडम म्हणाल्या तुमच्या मराठीतच सांगा, मला समजतंय. मग ती दीड तास बोलली, मी बाहेर बाकावर.

नंतर मॅडमनी मलाही आत घेतलं. म्हणाल्या, त्या घरात ती गप्प बसायची, नवऱ्याचा मूड बघून बोलायची, याला तुम्ही भित्रेपणा समजू नका, तिथं जिवंत राहायचा तोच मार्ग होता. घर सोडतानाच बाईला धोका जास्त असतो, म्हणून आधी का नाही आलीस हा प्रश्नच चुकीचा. पण धोका संपला तरी शरीराला ते लगेच कळत नाही. म्हणून तर दूधवाल्याची बाईक दारात थांबली की तिचा हात पिठातच थांबतो, आणि रात्री लाईट चालू ठेवून झोपते. बिल मी भरतेय, तू काळजी करू नको.

ताईनंच मग मोबाईलवर वाचून मला सांगितलं, लाझारस आणि फोकमन म्हणून दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये लिहिलंय, माणूस एक तर अडचणीवर उपाय करतो नाही तर त्या अडचणीनं उठलेलं मन सांभाळतो, दोन्ही लागतं, वेळेप्रमाणं. मला पटलं. वकिलाकडं जाऊन घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याची माहिती घेतली तिनं, ते उपाय करणं झालं. शेंगा फोडणं हे मन सांभाळणं. मीही तुझ्या आजोबांच्या काळात भांडी तीनतीनदा घासायचे, तेव्हा सगळे म्हणायचे किती कामसू सून आहे! (कामसू कसली, स्वयंपाकघरात कुणी बोलायला येत नव्हतं एवढंच.)

मात्र सगळंच चालवून घ्यायचं असंही नाही. ती जेवण टाळायला लागली, माझंच चुकलं असेल म्हणत राहिली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर गप्प बसायचं नाही, हे मॅडमनी बजावलंय. रात्री-अपरात्री लागला तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर 14416 भिंतीवर लिहून ठेवलाय, फुकट आहे, तूही सेव्ह कर. गोळ्या चालू आहेत, गुण यायला काही आठवडे लागतात. शेजारच्या काकू विचारत होत्या कसल्या गोळ्या, मी सांगितलं बीपीच्या. खोटं बोलले, चालतंय.

केस करायची की नाही ते तिचं ती ठरवेल. तुझे वकील मित्र मध्ये आणू नको, तिनं विचारलं तर बोल.

गणपतीला येशील तेव्हा तुझ्या खोलीत ती झोपतेय, तू हॉलमध्ये झोप, आणि रात्री उशिरा पोचलास तर बेल वाजवू नको, मला फोन कर, मी दार उघडते. कुंदा घेऊन ये बेळगावातून, तिला आवडतो, निदान पूर्वी आवडायचा. खाल्ला नाही तर खा म्हणून मागं लागू नको.

आई