पंपास लावण्याआधी जरा वाळ्याकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शोभेच्या उंच गवतांवर अर्धं पान आलं होतं, फोटो झकासच होते, पांढरे शुभ्र पंपासचे तुरे आणि मागे सूर्यास्त वगैरे. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ते कात्रण सकाळी नऊच्या आत तीनदा फिरलं आणि दुपारपर्यंत दोघीजणी नर्सरीत जाऊन पण आल्या. म्हणून हे पत्र. कारण चार वर्षांपूर्वी मी पण अशीच गेले होते.

तेव्हा साडेचारशेला एक अशी दोन रोपं आणली, कुंडीत इवलीशी दिसत होती. गेटच्या वाटेला लागून लावली आणि तिथेच चूक झाली. पंपास हे दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना-ब्राझीलकडचं, तिथल्या मोकळ्या माळावरचं गवत. दोन-तीन मीटर उंच जातं आणि आडवं पण तेवढंच पसरतं, पानांच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते. पेपरवाला मुलगा, दूधवाले काका, सगळ्यांच्या हातावर ओरखडे. आणि तुरे म्हणाल तर पहिली दोन वर्षं नुसती पानंच! बियांपासून केलेलं रोप असेल तर फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, हे नर्सरीवाल्याने सांगितलं नाही आणि तुमच्या लेखातही नव्हतं. शिवाय हे गवत जिथे रमतं तिथे मग आवरत नाही. कॅलिफोर्नियात आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर ते काढून काढून लोक दमलेत, न्यूझीलंडमध्ये तर विकायलाच बंदी आहे. फुलदाणीत सुकवलेले तुरे हवेत तर विकत आणा ना, कोण नाही म्हणतंय.

आता वाळा. आमच्या रो-हाऊसच्या मागे मुरमाचा उतार आहे, दर पावसाळ्यात तिथली माती वाहून गटारात जायची. जून लागला की गावाकडून वाळ्याचे ठोंब आणले, पानं वीतभर ठेवून छाटली, दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब असे चार-सहा इंचांवर ओळीत लावले. पहिला महिना फक्त तण काढलं, बाकी काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती ओळ छातीएवढी झाली आणि माती जागच्या जागी. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटर वगैरे सहज, त्यामुळे शेजारच्या लिंबाला त्रास नाही आणि कंपाऊंडच्या भिंतीला पण नाही. 1980 च्या दशकात वर्ल्ड बँकेची माणसं जमिनीची धूप थांबवायला जगभर वाळा लावा म्हणून सांगत फिरली, ती हा धडा आपल्याच देशात शिकून. आणि आपण वाळा ओळखतो तो फक्त माठातल्या जुडीवरून! गेल्या एप्रिलमध्ये एक जुना ठोंब खणला, मुळं धुवून माठात टाकली तर दोन दिवस आमचे हे येता-जाता उगाचच पाणी पीत होते.

दिसायला पंपासएवढा दिमाख नाही, मान्य. पण वारा सुटला की अख्खी ओळ एकदम कलते ते बघायला मला तरी जास्त आवडतं. रंगच हवा असेल तर जांभळं फाउंटन ग्रास लावा, नर्सरीत पेनिसेटम म्हणून मिळतं. फक्त जांभळ्या पानांचंच घ्या, त्याचं बी रुजत नाही. हिरव्या पानांचं मात्र स्वतःच बी टाकत सुटतं, हवाई बेटांवर त्याने रानच्या रानं व्यापलीत आणि वर वणव्यांना आयतं इंधन.

फाउंटन ग्रासवरून आठवलं. सप्टेंबरात माझ्याकडे तुरे नुकते फुटले होते, सकाळी दवाने वाकलेले असायचे. मी चार दिवस बाहेरगावी गेले, परत येऊन बघते तर गवताचा गोल गरगरीत चेंडू! माळीदादा म्हणाले, "ताई, लै माजलं होतं, बॉल करून दिला." चिडणार तरी कोणावर, त्यांना मेंदीचं कुंपण छाटायची सवय. पण गवत म्हणजे मेंदी नव्हे. वर्षातून एकदाच कापायचं, फेब्रुवारी संपता संपता, पानं वाळून पिवळी पडली की. आधी सुतळीने पेंडीसारखं घट्ट बांधायचं, मग खालून वीतभर ठेवून विळ्याने कापायचं म्हणजे कचरा पसरत नाही, आणि हातात जाड ग्लोव्हज पाहिजेतच. कापलेलं जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला, मे महिन्यात पाणी वाचतं. युरिया तर अजिबात नको, गवत नुसतं लांब होतं आणि पहिल्याच वळवात आडवं पडतं. पाणी पण बेताचं, ऊन मात्र दिवसभर. तीन-चार वर्षांनी ठोंबाला मधोमध टक्कल पडतं, तेव्हा पावसाच्या तोंडावर अख्खा उपटून कडेचे ताजे फुटवे परत लावायचे, मधला भाग टाकून द्यायचा. गवती चहाचं पण हेच, तोही उंच गवतच की, उगाच किचनच्या मागे लपवतो आपण.

नदीकाठी गणपती-नवरात्राच्या सुमाराला पांढऱ्या तुऱ्यांचं गवत फुलतं, हिंदीत काँस म्हणतात ते, त्याचं रोप मिळेल का असं पण ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं. ते कृपा करून वाफ्यात आणू नका, जमिनीखालून धावतं. तसं ते उसाचं भावंड, कोइमतूरला उसाशी त्याचा संकर करूनच 1918 साली को 205 ही जात आली, पण म्हणून घरात घ्यायचं असं नाही.

आणि साप येतात म्हणून सोसायट्या गवत उपटतात त्याबद्दल. दारापासून चार हात लांब लावा, बुडाशी साफ ठेवा, आणि शिळं अन्न टाकून उंदीर पोसू नका. सापाला गवत नाही, उंदीर हवा असतो. आमच्याकडे आजवर आल्या त्या मुनिया. पावसाळ्यात एक चिमुकली आपल्यापेक्षा लांब पातं चोचीत धरून तारेवर बसायचा प्रयत्न करत होती, तीनदा पडलं, तीनदा उचललं.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो छापाल तर एक मे महिन्यातला पण छापा, आणि शेजारी एखादा माणूस उभा करा म्हणजे झाड केवढं होतं ते कळेल. त्या दोघींनी आणलेली रोपं अजून पिशवीतच आहेत.

– एक वाचक, पुणे