सतीशला पत्र: बिघाड एकच, आजार दोन

प्रिय सतीश,

दादाच्या आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. नीट वाचले, वहिनींशीही बोलले. फोनवर तू चार प्रश्न एका दमात विचारलेस आणि मी दिलेली उत्तरं तुटक-तुटक होती, म्हणून आज लिहायलाच बसले. आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. माझा दिवस जातो तो पेशींसोबत. दादाला काय द्यायचं, किती द्यायचं, कधी थांबवायचं हे त्याचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवणार. पण ‘हे असंच का?’ असं तू जे विचारतोयस, त्यावरच आमच्यासारख्यांची पोटं भरतात.

तुझं म्हणणं असं: रिपोर्टवर ‘बीरॅफ व्ही ६०० ई’ असं लिहिलंय. त्यावर गोळी निघालेली आहे हे तू शोधून काढलंस. मग ती गोळी देऊन मोकळं व्हायचं सोडून डॉक्टर सलाईनमधून आणखी एक औषध आणि वर केमो कशाला देताहेत? बिल वाढवायला का, असं तू म्हणाला नाहीस, पण आवाजात ते होतंच.

तर ऐक. पेशीच्या बाहेरच्या बाजूला ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. ‘वाढ’ असा निरोप बाहेरून आला की ते तो आतल्या रास नावाच्या प्रथिनाला देतं, रास रॅफला, रॅफ मेकला आणि मेक ईआरकेला. ईआरके केंद्रकात शिरून विभाजनाचा हुकूम सोडतं. निरोप नसेल तेव्हा ही साखळी गप्प असते. रिपोर्टवरचं बीरॅफ म्हणजे या रॅफचाच एक प्रकार. दादाच्या ट्यूमरमध्ये त्याच्या जीनमधलं १७९९ क्रमांकाचं डीएनएचं एक अक्षर बदललंय, टीच्या जागी ए. त्यामुळे प्रथिनात सहाशेव्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक ॲसिड बसलं. बिघाड एवढाच. पण त्यापायी रॅफ वरून निरोप येण्याची वाटच बघत नाही, रात्रंदिवस चालू राहतं.

हा बदल २००२ मध्ये सापडला. त्वचेच्या मेलॅनोमा नावाच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो असतो, आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण दहात एकाला. बिघडलेल्या रॅफवर नेमकी बसणारी वेमुराफेनिब ही गोळी २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मेलॅनोमासाठी मंजूर केली. बदल सापडल्यापासून नऊ वर्षांत औषध, आमच्या धंद्यात हा वेग म्हणजे चमत्कारच. जुन्या केमोने जिथे शंभरात पाचेक जणांच्या गाठी आक्रसत, तिथे या गोळीने जवळपास निम्म्यांच्या आक्रसल्या.

त्याच वर्षी एका शोधनिबंधात एका रुग्णाचे तीन फोटो छापून आले. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचार, त्याने ते पाहिलेले असतातच. पहिल्यात माणसाच्या अंगभर कातडीखाली गाठीच गाठी. दुसरा गोळी सुरू करून पंधरा आठवड्यांनंतरचा: कातडी सपाट, एकही गाठ दिसत नाही. तिसरा तेविसाव्या आठवड्यातला. गाठी परत आलेल्या, बहुतेक जुन्याच जागी. साखळीत रॅफच्या खाली असलेल्या मेकमध्ये नवा बदल होऊन ते रॅफवाचूनच चालू झालं होतं. दुसऱ्या फोटोवर खूश होणाऱ्याने तिसरा पाहिल्याशिवाय पान उलटू नये असं माझं मत आहे. अर्थात हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, तुला सांगताना जीव थोडा कचरतो.

आता दादाच्या आजाराकडे येऊ. बिघाड तोच, अक्षर तेच, तेव्हा हीच गोळी आतड्याच्या कॅन्सरलाही लागू पडेल असं सगळ्यांनी धरून चालणं साहजिक होतं. २१ रुग्णांना देऊन पाहिली. गाठ आक्रसली एकाची. औषध रॅफवर बसतच नव्हतं असं नाही. व्यवस्थित बसत होतं. मग झालं काय?

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने हे कोडं सरळ मार्गाने सोडवलं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या, त्यांना गोळीचं औषध दिलं आणि पेशीतले निरोप नेणारे जीन एकेक करून बंद करत गेले. कोणता जीन बंद केल्यावर औषध लागू पडतं, एवढंच पाहायचं होतं. उत्तर आलं ईजीएफआर, म्हणजे साखळीचं अगदी वरचं टोक. २०१२ मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही स्वतंत्रपणे तेच दिसलं.

घरात थोरला तावातावाने बोलत असतो तोवर धाकटा तोंड उघडत नाही, आणि थोरला घराबाहेर पडला की धाकट्याला कंठ फुटतो, तसं हे आहे. साखळीचं खालचं टोक जोरात असलं की ते वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवतं. गोळीने रॅफ गप्प झालं की तो दाब सुटतो, ईजीएफआर जागं होतं आणि दुसऱ्या वाटेने ईआरकेला पुन्हा चालू करतं. मेलॅनोमाच्या पेशींवर मुळात ईजीएफआर फारसं नसतंच, म्हणून तिथे एकटी गोळी चालली. आतड्याच्या पेशींवर ते भरपूर असतं. बिघाड एक असूनही आजार दोन झाले ते यामुळे. कुठला जीन बिघडलाय हे कळणं म्हणजे अर्धीच माहिती. तो कुठल्या पेशीत आणि कुणाच्या शेजारी बिघडलाय, यावर औषधाचं भवितव्य ठरतं. फोनवर मी हेच सांगायला बघत होते आणि मला ते धड जमत नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर हे कसं घडतं तेही सांगते. आमच्याकडे या पेशी प्लेटमध्ये वाढतात, ३७ अंशांवर, लालसर मीडियममध्ये. त्यात औषध घालायचं, ठरावीक वेळाने थोड्या थोड्या पेशी काढून फोडायच्या, त्यांतली प्रथिनं जेलमधून पळवून एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवायची आणि चालू अवस्थेतलं ईआरके तेवढं ओळखणारी अँटिबॉडी त्यावर सोडायची. औषधाआधीच्या रांगेत गडद काळा पट्टा येतो. औषध देऊन तास झाला की तिथे काही म्हणजे काही नसतं, कोरी जागा. नवीन आलेली मुलं इथे हरखून जातात. मी त्यांना चोवीस तासांच्या रांगेकडे बघायला लावते. तिथे पट्टा परत उमटायला लागलेला असतो, आधी राखाडी, मग गडद होत जाणारा. शेजारच्या रांगांत औषधाबरोबर ईजीएफआर रोखणारी अँटिबॉडीही दिलेली असते. तिथली जागा चोवीस तासांनंतरही बरीचशी कोरी राहते.

दादाला सलाईनमधून जे देताहेत ते सेटुक्सिमॅब हीच ईजीएफआर रोखणारी अँटिबॉडी आहे. गोळी एन्कोराफेनिब. ती वेमुराफेनिबच्या पुढची. एकदा रॅफवर बसली की तीस तासांहून जास्त चिकटून राहते, वेमुराफेनिब त्या मानाने फार लवकर सुटतं. औषध किती घट्ट बसतं याची चर्चा सगळे करतात, किती वेळ बसून राहतं याची फार थोडे. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त मोलाचा.

आकडे तू मागितलेस. द्यावेत की नाही यावर मी बराच विचार केला. तू ते शोधशीलच आणि अर्धवट काहीतरी वाचशील, त्यापेक्षा माझ्याकडून घे. आधीची औषधं वापरून झालेल्या रुग्णांवर या दोन औषधांची मोठी चाचणी झाली. २०१९ च्या निकालात आयुष्याचा मध्यांक जुन्या उपचाराने ५.४ महिने, या जोडीने ८.४. हे वाचून पोटात खड्डा पडतो, मला माहितेय. पण दादा त्या गटातला नाही. त्याचा हा पहिलाच उपचार आहे. पहिल्या फेरीतच ही जोडी आणि सोबत केमो, अशी चाचणी नंतर झाली. २०२५ मध्ये तिचे आकडे आले: नेहमीच्या उपचाराने मध्यांक १५.१ महिने, या तिहेरी उपचाराने ३०.३. दुप्पट. आणि मध्यांक म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याच्या पलीकडे असतात. केमो कशाला, याचंही उत्तर यातच आहे. केमोला रॅफ-ईजीएफआरच्या राजकारणाशी देणंघेणं नसतं, ती विभाजन करणाऱ्या पेशींच्या डीएनएवरच घाव घालते. तेव्हा बिलाची शंका मनातून काढून टाक. त्याचे डॉक्टर अगदी ताजं ज्ञान वापरताहेत.

रिपोर्टवर खाली ‘केरास, एनरास: वाइल्ड टाइप’ असं आहे, म्हणजे रासचे हे दोन्ही प्रकार न बिघडलेले आहेत, ते चांगलं. रास बिघडलेलं असतं तर वर ईजीएफआर रोखून काहीच उपयोग नव्हता, कारण रास त्याच्या खाली आहे. या रासची कथा आणखी चिवट. माणसाच्या ट्यूमरमध्ये बिघडलेलं रास १९८२ मध्ये सापडलं आणि त्याच्यावर थेट बसणारं पहिलं औषध, सोटोरासिब, मंजूर झालं २०२१ मध्ये. मधल्या काळात लोकांनी त्याचं नाव टाकलं होतं. रास जीटीपी नावाच्या छोट्या रेणूला इतकं घट्ट धरतं आणि पेशीत जीटीपी इतकं मुबलक असतं की त्या जागेवरून त्याला हटवणं अशक्यच. मग रासला पेशीच्या पडद्याला चिकटवणारं एंझाइम रोखून पाहिलं, तर केरास दुसऱ्या एंझाइमकडून काम करून घेऊ लागलं. शेवटी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हन शोकॅट यांच्या गटाला त्याच्यावर एक लपलेला खळगा सापडला आणि तिथून दार उघडलं, तेही केरासच्या एकाच प्रकारच्या बदलापुरतं. असो, हे दादाचं नाही. मी वाहवत गेले.

आता तू पाठवलेला तो व्हिडिओ, झाडपाल्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्याचा. प्लेटमधल्या पेशी मारणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, मीठ जरा जास्त पडलं तरी मरतात. त्यांना मारताना बाकीचा माणूस जगवायचा, कठीण ते आहे. नामांकित नियतकालिकांतल्या कामाचीसुद्धा काय गत असते बघ. ॲमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सरवरचे ५३ गाजलेले शोध आपल्या लॅबमध्ये पुन्हा करून पाहिले, तर त्यातले सहाच खरे उतरले, असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं. शिवाय दादाची गोळी यकृतातलं जे एंझाइम निकालात काढतं, तेच कितीतरी वनस्पतींनी मंदावतं नाहीतर चढतं. मग गोळी एकतर अंगावर येते, नाहीतर वाया जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला काढा, चूर्ण काही म्हणजे काही देऊ नकोस. वहिनींच्या माहेरून काही येणार असेल तर तेही तूच अडव, त्यांना नाही म्हणणं जड जाईल.

चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखं पुरळ येईल. सेटुक्सिमॅबमुळे ते बहुतेकांना येतं, त्याने घाबरू नका, पण सांगा जरूर. अंगावर कुठे नवीन चामखिळीसारखं काही उगवलं तर तेही दाखवायचं. रॅफची गोळी निरोगी रॅफ असलेल्या पेशींत उलटंच काम करू शकते, त्यांची साखळी चालू करते. वेमुराफेनिबच्या वेळी हे पुष्कळ रुग्णांत दिसलं होतं.

काही काळाने औषध मानेनासं झालं, तर ट्यूमरने कुठली वाट काढली हे कधीकधी रक्तातूनही कळतं. ट्यूमरचे डीएनएचे तुकडे रक्तात येतात, त्यात रासमधले नवे बदल किंवा मेट नावाच्या जीनच्या जादा प्रती सापडतात. ते आत्ता डोक्यात घेऊ नकोस, फक्त अशी तपासणी असते हे ठाऊक असू दे.

डॉक्टरांना मात्र एक गोष्ट या भेटीतच विचार: एमएसआय किंवा एमएमआर, म्हणजे डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा चालू आहे का हे पाहणारी तपासणी झाली आहे का? तू पाठवलेल्या पानांत ती मला दिसली नाही, कदाचित वेगळ्या कागदावर असेल. बीरॅफ बदललेल्या आतड्याच्या ट्यूमरपैकी बऱ्याच जणांत डीएनए-दुरुस्तीची यंत्रणाही बंद पडलेली असते आणि तसं असेल तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडण्याचा, मार्ग खुला होतो. उपचाराची दिशाच बदलू शकते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो तू फोन ठेवता ठेवता हळूच विचारलास. मुलांचं काय आणि तुझं काय? हा बीरॅफचा बदल दादाच्या ट्यूमरमध्ये झालेला आहे, त्याच्या जन्मापासून अंगात नव्हता. तो मुलांत उतरत नाही. तेवढ्यापुरतं वहिनींना निश्चिंत कर. पण सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर झाला की इतर भावंडांची जोखीम थोडी वाढते, आणि त्यांची कोलोनोस्कोपी इतरांपेक्षा लवकर सुरू करतात. कधी करायची ते त्याच डॉक्टरांना विचार आणि तारीख घेऊनच बाहेर पड. दादाचं सगळं मार्गी लागल्यावर बघू, असं तू म्हणणार. तसं नको. ‘एमएसआय’चा कागद सापडला की फोटो पाठव.

तुझी,
वृंदा