गामे द्राक्षाला हलकं म्हणू नका

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या एका रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या बोजोले वाईनवर अर्धं पान आलं होतं. फोटो छान होता पण मजकूर वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. त्यात म्हटलंय की गामे द्राक्षाची ही रेड वाईन म्हणजे नोव्हेंबरात पार्टीत उडवायची कोवळी वाईन, जाणकारानं तिच्या नादी लागू नये. आम्ही अथणी तालुक्यातले द्राक्षवाले. वाईनमधलं फार कळतं असं नाही, पण बाग, माती आणि मणी कळतो, आणि शेतकऱ्याच्या पिकाला असं एका ओळीत निकालात काढलेलं मनाला लागतं बघा.

तुमच्या लेखात आहे ती बोजोले नूवो. तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाटली बाजारात येते, हा गुरुवार 1985 पासून ठरलाय. ती ताजीच प्यायची, बरोबर आहे. पण लिऑन शहराच्या वर, उत्तरेकडं जो हा पट्टा पसरलाय त्याच्या वरच्या अंगाला ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत आणि तिथली दहा ठिकाणं स्वतःच्या नावानं वाईन विकतात, मॉर्गों, फ्लरी, मूलाँ आ व्हाँ, जुलिएना, शेना, शिरूब्ल, सँतामूर, ब्रूयी, कोत द ब्रूयी आणि 1988 ला सगळ्यात शेवटी मान मिळालेलं रेनिए. यातल्या बऱ्याच बाटल्यांवर बोजोले हा शब्द मोठ्या अक्षरात नसतोच, गावाचं नाव असतं. मूलाँ आ व्हाँची चांगल्या सालातली बाटली दहा वर्षं ठेवली तरी चालते. लेखात या दहापैकी एकाचंही नाव नाही.

आणि या द्राक्षानं सोसलंय किती! 1395 साली बोजोलेच्या उत्तरेला असलेल्या बरगंडी मुलखाचा ड्यूक फिलिप यानं फर्मानच काढलं, गामे उपटून टाका, हे नीच झाड आहे म्हणून. पीक भरघोस यायचं, लवकर पिकायचं, गरीब शेतकऱ्याला परवडायचं, पण ड्यूकला आपल्या मुलखात पिनो नावाचं द्राक्षच पाहिजे होतं. मग गामे दक्षिणेला बोजोलेच्या टेकड्यांवर रुजलं आणि तिथल्या हलक्या ग्रॅनाइटच्या मातीत असं बसलं की आज जगात गामे म्हटलं की बोजोलेच आठवतं. पुढं डीएनए तपासल्यावर कळलं की गामेचा एक पालक पिनोच, दुसरं गुए ब्लाँ नावाचं साधं पांढरं द्राक्ष, आणि पांढऱ्या वाईनच्या ज्या शार्डोने द्राक्षाला जग डोक्यावर घेतं तीही याच जोडीची, म्हणजे सख्खी भावंडं. एकाला मान आणि एकाला हद्दपारी.

ती वाईन करतात कशी हे तरी लिहायचं होतं, आमच्यासारख्यांनी ते दोनदा वाचलं असतं. घड देठासकट अख्खा टाकीत टाकतात, रगडत नाहीत. तळातले मणी वरच्या वजनानं फुटतात, तो रस आंबायला लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साईड निघून टाकी भरते, आणि वरच्या अख्ख्या मण्यांना हवाच मिळत नाही म्हटल्यावर मण्याच्या आतल्या आतच साखरेचं अल्कोहोल व्हायला सुरुवात होते. सालीचा आणि बियांचा तुरटपणा कमी उतरतो, फळाचा वास भरपूर राहतो. यासाठी मणी फुटून चालत नाही म्हणून तिथं तोडणी जास्त करून हातानंच. आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर हेच दुखणं, क्रेटमध्ये मणी चेंबला की रस सुटतो, जाळीवर माल चिकटतो आणि काळा पडतो, मग सौद्यात भाव पडला म्हणून समजा. त्यामुळं अख्ख्या घडाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको.

माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडं असतो, सुट्टीला येताना त्यानं एक मॉर्गों आणली होती. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायची म्हणाला, तेरा-चौदा डिग्रीला चांगली लागते. रंग जांभळ्या झाकेचा, जड नाही, वास चेरीसारखा आणि मागं थोडा मातीचा. घरी मटणाचं सुक्कं होतं, आपल्या पद्धतीचं तिखट. तुरट रेड वाईन तिखटावर घेतली की तोंड पेटतं, पण ही कमी तुरट असल्यामुळं तिखटाशी भांडली नाही, उलट चांगली जमली. बेळगाव-कोल्हापूरकडच्या जेवणाबरोबर चालणारी रेड वाईन कुठली हे सांगायचं सोडून तुमचा लेख तिला हलकी म्हणतो, हे काय पटत नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. अथणी, विजापूरकडचा किती तरी बेदाणा सांगली-तासगावच्या सौद्याला जातो, पेटी कुठल्या गावची हे खाणाऱ्याला कधी कळत नाही. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे मुलखाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगलं झालं, त्यांचं कष्ट आहेच. कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये 2019 ला आपला बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे आणि महाराष्ट्राचे चार एकत्र आले, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना धरून नाव मिळू शकतं हे सिद्धच झालंय. मग द्राक्षाला का नाही? कर्नाटक सरकारनं 2007 च्या वाईन धोरणात कृष्णा खोऱ्याचा पट्टा धरला होता, त्याचं आमच्या बागेपर्यंत काय पोचलं ते कुणी येऊन बघावं की.

अर्थात नाव फुकट मिळत नाही, हेही बोजोलेच सांगतं. त्या दहा ठिकाणच्या वाईनला हद्द ठरलेली, द्राक्ष ठरलेलं, हेक्टरी पीक किती घ्यायचं यालाही मर्यादा. आमच्याकडं एकरी टन वाढवायची चढाओढ चालते, त्यात साखर आणि मण्याची चव कुणी विचारत नाही, व्यापारीही विचारत नाही. तिकडंही नूवोचा धंदा जोरात चालला तेव्हा काही जणांनी नुसता माल वाढवला आणि 2001 मध्ये दहा लाखांच्या वर पेट्या वाईन खपली नाही म्हणून डिस्टिलरीत घालावी नाहीतर नष्ट करावी लागली. नंतर बोजोलेचं नाव सावरलं ते मॉर्गों, फ्लरीसारख्या गावांतल्या कमी पीक घेऊन नीट वाईन करणाऱ्या माणसांनी. मार्सेल लापिएर हे त्यातलं एक नाव, मॉर्गोंचे, 2010 ला गेले. त्यांच्यावर तुम्ही एक लेख छापला तर आमच्या पोरांना तरी कळेल की द्राक्षवाला गावात राहूनच जगात ओळखला जातो.

म्हणून विनंती अशी की बोजोलेवर परत एकदा लिहा, दहा ठिकाणांच्या नावासकट, आणि त्याच पानावर आपल्या सीमाभागातल्या द्राक्ष-बेदाण्यावर एक चौकट द्या. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी तुमचा प्रतिनिधी पाठवा, बाग दाखवायला आम्ही तयार आहोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर आला तर बेदाणा कसा होतो तेही बघता येईल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
अथणी तालुका, जि. बेळगाव