आवाज बंद करणाऱ्या तात्यांना

ती. तात्या,
सा. न. वि. वि.

परवा देवगडात टेनिस बॉल क्रिकेटच्या फायनलला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि मी समालोचनाचा माईक खाली घेतला. बॅटचा टक्क आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला. तो तुमचा. म्हणून हे पत्र चारचौघांत.

६ जुलै २००८. कौलांवर पाऊस, तुमच्या टीव्हीवर विम्बल्डनची फायनल, फेडरर आणि नदाल. मी तेव्हा नुकताच गावच्या स्पर्धांत माईक धरू लागलो होतो. दोन सेट माझी बडबड ऐकलीत, मग म्हणालात, "मेल्या, गप रव. चेंडवाक बोलांदे."

तिसऱ्या सेटला टीव्हीचा आवाजच बंद केलात. "आता तू सांग."

नदालने मारला, फेडररने परतवला, असं माझं सुरू झालं. "जा दिसता ता कित्याक सांगतस?" खरंच की! डावखुऱ्या नदालचा फिरकी फोरहँड फेडररच्या बॅकहँडला खांद्याएवढा उसळतोय, सांगायचं ते हे. तेही गुण संपल्यावर, पुढच्या सर्व्हिसच्या आत.

मग तुमचा दुसरा डाव. "मी डोळे मिटतंय. रेडिओ कर. पयलो स्कोअर सांग." आता चेंडू कुठे पडला इथपासून सगळं मलाच दाखवायचं होतं. घाम फुटला. तेवढ्यात लंडनलाही पाऊस आला, खेळ थांबला. तुम्ही मात्र मला थांबू दिलं नाहीत. तासाभराहून जास्त! रेडिओवाल्याला पावसाची सुट्टी नसते म्हणे. (काकींनी तीनदा चहा दिला, त्यांचे आभार वेगळे.)

चौथा सेट ठरवणाऱ्या टायब्रेकला आवाज परत लावलात. नदालचा चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे एक गुण मिळाला की विजेतेपद, आणि फेडररचा तो रेषेलगतचा बॅकहँड. सेंटर कोर्ट उसळलं. मी गप्प. त्या रात्री पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. पावणेदोनला नदालने पाचवा सेट ९-७ घेतला तेव्हा आपण दोघंही काही बोललो नव्हतो.

आमच्या मैदानावर गप्प राहणं महागात पडतं, तात्यानू. दोन चेंडूंच्या मध्ये 'पुढच्या षटकाराला अमुक शेठकडून पाचशे रुपये' वाचावंच लागतं. परवा एका शेठचं नाव राहिलं, ते अजून रुसलेत.

जुलैत येतो. डिशसमोरचं माडाचं चुडत तेवढं तोडून घ्या, आणि रिमोट तुमच्याकडेच ठेवा.

तुमचा,
माईकवाला