शुगर उतरली की तोंडात काय द्यायचे?

महोदय,

नवरात्र तोंडावर आले आहे. नऊ दिवस उपास धरणाऱ्यांत मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेले पुष्कळ जण असतात. खाणे निम्म्यावर येते, गोळी मात्र ठरल्या वेळी पूर्ण जाते आणि देवीच्या रांगेत नाहीतर गरब्याच्या मैदानावर शुगर उतरते. ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे अशा वेळी भोवतालची माणसे काय करतात हे जवळून पाहिले आहे.

माणूस बेशुद्ध पडला की कुणीतरी जबडा उघडून साखरपाणी ओततो. आमच्याकडे एका बाईंना आणले तेव्हा पोलक्याचा गळा पाकाने चिकट झाला होता, ओठांना साखरेचे कण होते आणि छातीत घरघर सुरू झाली होती. पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत गेले होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्ध लगेच आली, पण छातीसाठी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, चमचाभरसुद्धा नाही. कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा आणि ‘मधुमेह आहे’ हे आधी सांगावे. इन्सुलिन तर मुळीच टोचू नये.

याच्या उलट प्रकारही रोजचा. माणूस शुद्धीत असतो, दरदरून घाम, हात थरथरतात, उगाच चिडतो, बोलणे बरळल्यासारखे. लोकांना वाटते प्यायला आहे. आणि घरचे म्हणतात, ‘अहो, त्यांना शुगर आहे, साखर कशी द्यायची?’ इथे साखरच औषध असते. ग्लुकोमीटर असेल तर बघावे; ७० च्या खाली आकडा म्हणजे शुगर कमी. मीटर नसेल तर शोधाशोध करत बसू नये. शुगर वाढलेली निघाली तरी तेवढ्या साखरेने फारसे बिघडत नाही; उतरलेली असताना थांबणे महागात पडते.

आधी बसवावे, एक घोट पाणी नीट गिळता येते का पाहावे. मग साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे पावडर, अर्धा कप पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, फरक नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. पेढा, बर्फी, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. ग्लुकोज बिस्किटाच्या नावावर जाऊ नये, त्यात मुख्यतः मैदा असतो. ‘डाएट’ कोल्ड्रिंकचा तर काहीच उपयोग नाही.

पावडरवर माझा भर आहे त्याला कारण आहे. आपल्याकडे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेल्या गोळ्या बऱ्याच जणांना असतात. ही औषधे घरातली साखर आतड्यात फुटू देत नाहीत, त्यामुळे साखर आणि गूळ दोन्ही वेळेवर कामाला येत नाहीत. ग्लुकोज आधीच सुटे असते, ते थेट शोषले जाते. अशा रुग्णाच्या खिशात पुडी हवीच, आणि हे गोळी देतानाच सांगायला हवे. किती ठिकाणी सांगतात, हा प्रश्नच आहे.

बरे वाटले म्हणून उठून चालायला लागू नये; वर काहीतरी खावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर लांबतो, काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते. त्या रात्री एकटे झोपू देऊ नये, दवाखान्यात दाखवावेच.

एसटीच्या प्रथमोपचार पेटीत आणि मंडळांच्या मांडवात ग्लुकोज पावडरचा एक डबा ठेवला तर खर्च किती येणार? आयोजकांनी घट बसण्याआधी एवढे करावे. उपास धरणाऱ्यांनी गोळी-इन्सुलिनचा हिशोब डॉक्टरांकडून आताच बदलून घ्यावा. आणि घरातल्या आजींना आधीच सांगून ठेवावे की ग्लुकोज उपासाला चालते. ऐनवेळी त्या तोंड मिटून घेतात.

— एक निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा