शेवटच्या घरचं पाणी

चि. बाबूस आईचे अनेक आशीर्वाद.

तुला ग्रामसेवक म्हणून मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं गाव मिळालं म्हटल्यावर तुझ्या बाबांनी एसटीची वेळ विचारली आणि मी विचारलं, तिथं पाणी कुठून येतं. तू हसलास. फोनवर तू घाईत असतोस आणि मला हे घाईघाईत सांगायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

पंधरा वर्षं आशा म्हणून गावात फिरते आहे. बाळंतीण आणि लेकरू हे माझं काम, नळ, नाल्या आणि दाखले हे ग्रामसेवकाचं, असं मलाही आधी वाटायचं. मग तो जुलै आला. तू तेव्हा होस्टेलवर होतास. पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि तीन दिवसांत खालच्या पुऱ्यातल्या नऊ जणांना हगवण लागली. त्यात एक आठव्या महिन्याची पहिलटकरीण होती. मी ओआरएसच्या पुड्या घेऊन घरोघर पळत होते. एका घरी आजीनं अर्धी पुडी पेल्यात टाकून उरलेली उद्यासाठी गुंडाळून ठेवलेली. पूर्ण पुडी, पूर्ण लिटरभर पाणी, हे सांगून घसा बसला. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, पुड्या कितीही वाटल्या तरी सगळे पाणी तर तेच पिताहेत.

विहिरीवर गेले. नळीत पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते नितळच राहिलं. पाणी सोडणारा म्हणाला, "ताई, रजिस्टरात तं रोज लिहून हाये." खरंच होतं. रोजची तारीख, रोजची सही. पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं मात्र ओलीत उघडं पडलेलं, आत ढेकळं, वाससुद्धा उरला नव्हता.

त्याच रात्री त्या पोरीला कळा सुरू झाल्या. १०८ वेळेवर आली. लेकरू जन्मलं १ किलो ७०० ग्रॅमचं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी ठरल्या दिवसांपेक्षा किती तरी जास्त वेळा गेले. झबलं वर सारायचं, घड्याळ हातात धरायचं आणि त्या टीचभर पोटाचं वरखाली होणं पूर्ण एक मिनिट मोजायचं. साठ किंवा जास्त आले की पुन्हा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर गाडी बोलवायची. आईच्या उघड्या छातीशी त्याला बांधून ठेवलं, वरून तिची साडी. ते पोट्टं आता अंगणवाडीत जातं. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही रीत आपल्या गडचिरोलीतली आहे, बाबू. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून ती करून दाखवली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, ते १९९९ साली जगापुढे मांडलं गेलं. आज देशभरच्या आशा त्याच वाटेनं जातात, याचा मला फार अभिमान वाटतो. पण त्या लेकराला तेवढं सोसावं लागलं ते एका पोत्यापायी, हे मी विसरू शकत नाही.

आता जे सांगते ते तुला गावातली कोणतीच बाई सांगणार नाही. घरोघरी १२,००० रुपयांच्या अनुदानाचे संडास आहेत, आणि कितीतरी घरांत आत पऱ्हाट्या भरलेल्या. विचारलं तर म्हणतात, बादलीभर पाणी आणायचं कुणी? हापशीवरून आणणार तीच, सातव्या महिन्यात, डोक्यावर गुंड घेऊन. मग ती अंधार पडायची वाट पाहते. दिवसा जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. लघवीला जळजळ होते, ते ती नवऱ्यालाही सांगत नाही. ताप येतो आणि दिवस भरायच्या आत कळा येतात. उघड्यावर अनवाणी गेलं की पायातून जंत शिरतात आणि आतून रक्त पितात, मग माझ्या १८० लोहाच्या गोळ्या कुठवर पुरणार? म्हणून संडासाचा फोटो काढून बिल लावू नकोस. आधी तिथं पाणी पोचतं का ते बघ.

पावडर घेताना तारीख बघ. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं, ओल लागली की उडतं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरायची नाही. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायची, निदान अर्धा तास थांबायचं. पहिला महिना स्वतः उभा राहून करवून घे. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचू देऊ नकोस, नळ बंद झाला की तीच घाण पाइपात ओढली जाते. आणि ओटी टाकीखालच्या नळावर करू नकोस, लाइनीच्या शेवटच्या घरी कर.

तिथल्या बाया कोरकू बोलतात. चार शब्द शीक, नाहीतर त्या नुसतं "हो" म्हणतील आणि मनातलं मनातच ठेवतील. आणि तुझ्या गावच्या आशाला ग्रामसभेत बोलू दे. त्या जुलैनंतर मी बोलायला उभी राहिले, तेव्हा "आरोग्याचं दवाखान्यात सांगा" म्हणून मला खाली बसवलं होतं. ते मला अजून लागून आहे.

पार्सलमध्ये कुरोड्या आणि मुगाच्या वड्या आहेत. ओटीची खाकी बाटली फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवली आहे, उन्हात ठेवू नकोस. सोमवारी शेवटच्या घरचं पाणी बघ आणि रंग कसा आला ते मला फोन करून सांग.

तुझी,
आई